मुखपट्टी, तज्ज्ञ आणि विश्वास

स्मरणिका म्हटली की तिच्यात प्रामुख्याने आठवणी असतात, आणि त्या असाव्यातच. तथापि आपल्या संस्थेच्या वाटचालीत करोना महासाथीची वर्षेही येऊन गेली, आणि त्या वर्षांनी आपल्यापुढे ठेवलेला एक प्रश्न अजून सुटलेला नाही. या शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली त्या काळात वेगवेगळ्या ठिकाणी उभी होती. कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी बंदोबस्तावरील पोलीस, कोणी सफाई कामगार, तर कोणी हातावर पोट असलेले. नियम पाळायला लावणारे आणि नियमभंगाचा दंड भरणारे, असे दोघेही आपल्याच माणसांत होते. म्हणूनच मुखपट्टीवरून झालेल्या वादाचा विचार आपण इतरांपेक्षा अधिक शांतपणे करू शकतो, असे मला वाटते. तो वाद वरवर कापडाच्या तुकड्याचा होता. खरा प्रश्न तज्ज्ञांच्या शब्दावर विश्वास केव्हा आणि कशाच्या बळावर ठेवायचा, हा होता.

प्रथम घडलेले क्रमाने पाहू. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलनी लोकांना मास्क खरेदी करणे थांबवा, असे जाहीरपणे बजावले. सर्वसामान्यांना मास्कचा उपयोग नाही. मात्र डॉक्टर-परिचारिकांना ते मिळाले नाहीत तर सर्वांनाच धोका आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे पाच आठवड्यांच्या आतच, ३ एप्रिलला, त्याच देशाच्या रोग नियंत्रण केंद्राने सर्वांना कापडी मास्क वापरण्याचा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटनेने ६ एप्रिलला निरोगी माणसांनी सरसकट मास्क वापरण्यास पुरेसा पुरावा नसल्याचे सांगितले आणि ५ जूनला गर्दीच्या ठिकाणी कापडी मास्कचा पुरस्कार केला. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात घरी शिवलेल्या मास्कची शिफारस केली आणि ८ एप्रिलला मुंबई महानगरपालिकेने तो सक्तीचा केला. महाराष्ट्रातील सक्ती उठली ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी.

हे उलटसुलट सल्ले ऐकून सामान्य माणसाने विचारले, डॉक्टरांना जो मास्क वाचवतो, तो मला का वाचवत नाही? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तो अत्यंत तर्कशुद्ध होता. त्याचे खरे उत्तर होते, मास्कचा तुटवडा आहे आणि रोग्याच्या उशाशी उभे असलेल्यांना तो आधी मिळाला पाहिजे. एवढे स्पष्ट सांगितले असते तर लोकांनी ते समजून घेतले असते. ज्या देशात रेशनच्या रांगेत उभे राहायचे असते, तिथे टंचाई आणि प्राधान्य म्हणजे काय हे कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु टंचाईच्या कारणाला विज्ञानाचा अंगरखा चढवला गेला. पुढे सल्ला बदलला, तेव्हा विज्ञानच बदलले असा समज झाला, आणि काहींच्या मनात तर आपल्याला फसवले गेले अशी भावना रुजली.

सल्ला बदलण्याची दुसरी कारणे मात्र पूर्णपणे रास्त होती. लक्षणे नसलेला किंवा लक्षणे दिसण्यापूर्वीचा रुग्णही संसर्ग पसरवतो, हे हळूहळू स्पष्ट होत गेले. तसे असेल तर ‘आजारी माणसाने मास्क लावावा’ हा नियम अपुरा ठरतो; कारण आजारी कोण, हे त्या माणसालाही ठाऊक नसते. नवी माहिती हाती आल्यावर मत बदलणे हा तज्ज्ञाचा दोष नव्हे, तो त्याचा धर्म आहे. दोष तेव्हा घडतो, जेव्हा अपुऱ्या माहितीवर आधारलेले मत पूर्ण खात्रीच्या सुरात सांगितले जाते. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही, असे ठासून सांगितले. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे दुर्लक्ष करू नका, असे जाहीर आवाहन केले. संघटनेच्या माहितीपत्रकात ती गोष्ट स्वच्छ शब्दांत येण्यास २०२१ साल उजाडले. तोवर जगभर लोक टेबले आणि भाजीपाला पुसत राहिले आणि खोल्यांच्या खिडक्या मात्र बंदच राहिल्या.

मग मास्कचा उपयोग होता की नव्हता? येथे दोन निराळ्या प्रश्नांची गल्लत होते. चांगला, तोंडावर नीट बसणारा मास्क श्वासातील सूक्ष्म कण अडवतो का, हा एक प्रश्न. लोकांना मास्क वापरण्यास सांगितल्याने गावात रोग कमी होतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळते आणि ते ‘होय’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर माणसांच्या वागण्यावर अवलंबून असते. डेन्मार्कमध्ये २०२० च्या वसंतात सुमारे ६,००० लोकांवर झालेल्या अभ्यासात मास्क सुचवलेल्या गटात १.८ टक्के, तर दुसऱ्या गटात २.१ टक्के लोकांना संसर्ग झाला. हा फरक इतका लहान होता की त्यावरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही. शिवाय त्या अभ्यासाने मास्क लावणाऱ्याचे संरक्षण मोजले. त्याच्यामुळे इतरांचे झालेले संरक्षण मोजले नाही.

आपल्याला अधिक जवळचा आहे तो बांगलादेशातील अभ्यास. २०२०-२१ मध्ये ६०० गावांतील सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढांचा त्यात समावेश होता. निवडलेल्या गावांत मास्क मोफत वाटले, त्याचे कारण समजावून सांगितले, मशिदीत आणि बाजारात कार्यकर्त्यांनी विनयाने आठवण करून दिली आणि गावातील मान्यवरांनी स्वतः मास्क लावून दाखवला. या गावांत मास्कचा योग्य वापर सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी, तर साठीपुढील माणसांत सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळला. कापडी मास्कचा परिणाम मात्र तितका स्पष्ट दिसला नाही. मास्क म्हणजे अभेद्य कवच आहे असे या आकडेवारीवरून म्हणता येणार नाही, आणि तो निरुपयोगी आहे असेही म्हणता येणार नाही. आजी-आजोबांना आजारपणापासून वाचवण्याची काहीशी शक्ती त्या स्वस्त वस्तूत होती, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

या अभ्यासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आकड्यांपलीकडची आहे. तिथे वापर तिपटीने वाढला तो दंडाच्या धाकाने वाढला नाही. वस्तू हातात दिली, कारण सांगितले, मान राखला आणि सांगणाऱ्याने आधी स्वतः केले. आपल्या शहरांत मात्र नियमाची पहिली ओळख अनेकांना पावतीपुस्तकातून झाली. मुंबईत क्लीन-अप मार्शल २०० रुपये दंड घेत होते. मोटारीच्या काचेआड बसलेल्याला आणि हातगाडी ओढता ओढता धाप लागून मास्क हनुवटीवर ओढलेल्याला एकाच रकमेची पावती मिळत असली, तरी तिचे वजन सारखे नसते. एकाची ती चहापाण्याची किरकोळ रक्कम, दुसऱ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी. दंड करू नये असे मी म्हणत नाही. मास्क मोफत हाती देण्याआधी दंड आकारणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्राला हा धडा नवा नव्हता. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा रोग्यांना वेगळे ठेवणे, घरे स्वच्छ करणे यामागचा हेतू चुकीचा नव्हता. पण गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले, माणसांच्या अब्रूची पर्वा उरली नाही, आणि लोक रोगापेक्षा रोगनिवारणाला अधिक भिऊ लागले. रोगी लपवले जाऊ लागले. त्या संतापाचे पर्यवसान २२ जूनला प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात झाले. त्याच वर्षी, त्याच पुणे परिसरात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत होते. ज्यांना शिवण्यास समाज एरवीही तयार नव्हता, त्या वस्त्यांतील रुग्णांपर्यंत सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. रोग एक, शहर एक, काळ एक. एका वाटेने भय वाढले आणि दुसऱ्या वाटेने विश्वास. ज्ञान लोकांपर्यंत कोणाच्या हातून आणि कोणत्या रीतीने जाते, यावर ते स्वीकारले जाणे ठरते, हे याहून स्पष्टपणे कोणी दाखवू शकणार नाही.

नियम करणाऱ्यांचे स्वतःचे वर्तन हाही विश्वासाचा भाग आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत सॅन फ्रान्सिस्को शहराने मास्क सक्तीचा केला आणि त्या शहराचे महापौर व आरोग्य अधिकारी मुष्टियुद्धाच्या सामन्यात मास्कविना बसलेले आढळले. दोघांनाही दंड झाला. पुढे जानेवारी १९१९ मध्ये तिथे मास्कविरोधी संघच स्थापन झाला. शंभर वर्षांनंतर, २०२१ च्या दुसऱ्या लाटेच्या तोंडावर आपल्या देशात निवडणुकीच्या प्रचंड सभा मास्कविना भरत होत्या आणि त्याच दिवसांत रस्त्यावरच्या माणसाला मास्कसाठी अडवले जात होते. अशा वेळी तज्ज्ञाचा सल्ला कितीही खरा असला, तरी ऐकणाऱ्याला तो ढोंगी वाटू लागतो.

शब्दांच्या निवडीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. त्या काळात ‘सामाजिक अंतर’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. तज्ज्ञांना त्यातून दोन शरीरांमधील अंतर अभिप्रेत होते. परंतु ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर आणि शाळेच्या ओसरीवर सामाजिक अंतर सोसले, त्याच्या कानाला हा शब्द कसा लागेल, याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. ‘शारीरिक अंतर’ हा शब्द नेमका होता. मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने तशा शब्दाला पसंती दिली होती. तरीही जुना शब्दच चालू राहिला. तज्ज्ञांच्या बैठकीत आपल्यासारख्यांपैकी कोणी बसलेले असते, तर ही गोष्ट कदाचित पहिल्याच दिवशी लक्षात आली असती.

मात्र एवढ्यावर थांबलो तर लेख एकांगी होईल. तज्ज्ञ चुकले, म्हणून कोणाचेच ऐकू नये, ही वाट त्याहून घातक आहे. मास्कमुळे कार्बन डायऑक्साइड साठून माणूस दगावतो, असे संदेश मोबाइलवर फिरत होते. शल्यचिकित्सक तासन्‌तास मास्क लावून शस्त्रक्रिया करतात, याचा विसर पडला होता. कापूर, ओवा आणि लवंग यांची पुरचुंडी हुंगली की रक्तातील ऑक्सिजन वाढतो, यावर सुशिक्षित घरांनीही विश्वास ठेवला. डॉक्टरांना पुरावा मागणाऱ्यांनी या संदेशांना मात्र पुरावा मागितला नाही. ही चिकित्सा नव्हे. एक अंधविश्वास सोडून दुसरा धरणे आहे.

तथागतांनी केसपुत्त नगरीतील कालामांना दिलेला उपदेश आपण सारे जाणतो. निरनिराळे आचार्य येतात, आपलेच मत खरे म्हणतात, दुसऱ्याचे खोडून काढतात. मग आम्ही कोणाचे मानावे, हा कालामांचा प्रश्न होता. महासाथीतील नागरिकाचा प्रश्न याहून वेगळा नव्हता. केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नये, हा त्या उपदेशाचा भाग आपण वारंवार उद्धृत करतो. पण हिताहित स्वतः पारखताना जाणत्यांनी कशाची निंदा आणि कशाची प्रशंसा केली आहे, हेही पाहावे, असा त्याचाच दुसरा भाग आहे. तो आपण सहसा विसरतो. मनाला येईल ते मानण्याचा परवाना त्यात नाही. प्रश्न विचारण्याचा हक्क आणि उत्तर तपासण्याचे कष्ट, ही दोन्ही त्यात एकत्र आहेत.

यातून आपल्या शाळेने काय घ्यावे? वसतिगृहात एका खोलीत अनेक मुले झोपतात. क्षयरोग हवेतून पसरतो, फ्लू दरवर्षी येतो; पुढची महासाथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. खिडक्या उघड्या ठेवणे, खोकणाऱ्या मुलाने मास्क लावणे आणि त्याची कोणी टिंगल न करणे, या सवयी साथ नसतानाच लागल्या पाहिजेत. शाळेने एखादा नियम केला, तर त्याचे कारण मुलांना आणि पालकांना सांगावे. त्या कारणात किती खात्री आहे आणि किती अंदाज, तेही सांगावे. आणि नियम बदलला तर का बदलला, हे न विचारता सांगावे. नियमाला लागणारी वस्तू गरीब मुलाला आधी द्यावी. शिक्षकांनी तो प्रथम पाळावा.

आणि विज्ञानाच्या तासाला मुलांना सिद्धांतांबरोबर एक शब्दही शिकवावा: ‘कशावरून?’ हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारावा, सरकारला विचारावा, मोबाइलवर आलेल्या संदेशाला विचारावा आणि आपल्या आवडत्या नेत्यालाही विचारावा. उत्तर मिळाल्यावर ते नीट ऐकून घेण्याइतका संयमही त्यांच्या ठायी असावा. आपल्यातील काही मुले उद्या साथरोगतज्ज्ञ होतील आणि त्यांना हाच प्रश्न लोक विचारतील. त्या दिवशी ‘आम्हाला आज एवढे ठाऊक आहे, एवढे ठाऊक नाही’ असे न कचरता सांगणारा तज्ज्ञ या शाळेतून गेलेला असावा, अशी माझी मनीषा आहे.