वजनकाट्यापलीकडची अंगणवाडी

१९९२ मध्ये वावर-वांगणीतील कुपोषणामुळे झालेल्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव राज्यभर गाजले. तेव्हापासून जव्हार-मोखाड्यातील अंगणवाडीकडे सरकार मुख्यतः वजनकाटा आणि आहार यांच्या हिशेबानेच पाहते. ते हवेच, पण घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोलणारे तीन वर्षांचे पोर तिथे पुस्तकी मराठी ऐकून गप्प बसते, त्याची नोंद कोणत्या रकान्यात होते?

उत्तर शोधायला परदेशी जायला नको. याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळच्या कोसबाडला, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ मध्ये आल्या. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणात भरवली. पाने, बिया, शंख-शिंपले हीच साधने. आज रंगवलेल्या भिंतींवर सफरचंद असते, मोहाचे फूल क्वचितच!

भाषेसोबत स्थलांतराचाही प्रश्न आहे. दिवाळीनंतर कुटुंबे कामासाठी वीटभट्ट्यांवर जातात. परतलेले मूल वर्गात पाहुणे ठरते. पाड्याची बोली येणारी सेविका, तारप्यावरचा नाच, आजीची गोष्ट आणि भट्टीवरून आलेल्या मुलाचे हजेरीपटावर टिकलेले नाव, यासाठी नव्या इमारतींचा निधी लागत नाही. जिल्हा परिषदेने पावसाळ्याआधी सेविकांच्या प्रशिक्षणात एवढे तरी घ्यावे.