विश्लेषण : जुन्या लॅपटॉपवर तेंदूचा हिशेब कशात ठेवावा?

एटापल्लीच्या पट्ट्यात अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः पाहतात. पेसा आणि वनहक्क कायद्याने अधिकार दिला, त्यासोबत हिशेबही गळ्यात आला. ७० पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. कोणत्या कुटुंबाने कोणत्या दिवशी किती पुडकी दिली, यावर मजुरी ठरते. हे संगणकावर आणायचे, तर हाताशी असतो तो बहुधा कुठल्यातरी कार्यालयातून बाद झालेला लॅपटॉप.

यंत्र जुने म्हणून नाक मुरडू नये. १९८१ च्या ऑस्बर्न-१ या सुटकेसएवढ्या 'पोर्टेबल' संगणकात अवघी ६४ केबी मेमरी होती, तरी सोबत सुपरकॅल्क ही स्प्रेडशीट मिळे. मजुरीचे गणित त्या काळच्या हिशेबांहून अवघड नाही.

एक्सेल २००३ पुरेल का?

एका गावाला नक्की. त्याच्या एका शीटमध्ये ६५,५३६ ओळी मावतात. २०० कुटुंबे आणि १५ दिवस धरले, तर ३,००० ओळी होतात. पण अशी २२ गावे एकत्र केली की जागा संपते. ब्रिटनमध्ये २०२० साली याच जुन्या फाइल प्रकारामुळे जवळपास १६ हजार करोना रुग्णांच्या नोंदी मागे राहिल्या होत्या.

त्याहून मोठी अडचण मराठीची. कृतिदेव किंवा शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेली नावे दुसऱ्या संगणकावर अगम्य अक्षरे होऊन उघडतात. मग बँकेच्या यादीशी नाव जुळत नाही आणि मे महिन्याच्या उन्हात तोडलेल्या पानांचे पैसे अडकतात. नावे युनिकोडमध्येच हवीत, सॉफ्टवेअर कोणतेही असो.

मग निवड कोणती?

गूगल शीट्स फुकट आहे, पण तिला नवा ब्राउझर लागतो आणि नेटवर्कही. जंगलातल्या संकलन केंद्रासाठी तिचा आग्रह धरणे हा शहरी हट्ट आहे. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालते. विंडोज एक्सपी असेल तर ५.४ ही शेवटची आवृत्ती बसते. उघडायला वेळ घेते, तेवढा द्यावा. लिनक्स बसवता येत असेल तर नुमेरिक त्याहून हलके. एक्सपीची सुरक्षा अपडेट २०१४ मध्येच थांबली, तेव्हा असा लॅपटॉप इंटरनेटला जोडूच नये. रोज संध्याकाळी फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी, आठवड्याची छापील यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. आणि बॅटरी दमलेली असेल, तर ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर लावून ठेवावे.