गाडीची किल्ली कुठं असते?

मोटारींच्या शर्यती हा काही बायकांच्या पुरवणीचा विषय नाही, असं कुणीही म्हणेल. आपल्याकडे शर्यत म्हटली की बैलगाड्यांची, जत्रेतली. आणि तिथंही कडेला गर्दी असते ती पुरुषांचीच. मग अमेरिकेतल्या शर्यतीच्या गाड्यांशी धाराशिवच्या बाईचा काय संबंध? संबंध आहे. फक्त तो सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

अमेरिकेत ‘इंडीकार’ नावाची शर्यतींची मालिका असते. या गाड्या आपल्या मोटारींसारख्या नसतात. लांबट, बुटक्या, एकाच माणसापुरत्या, आणि चारही चाकं अंगाबाहेर उघडी. चालवणारा जवळजवळ आडवाच पडलेला असतो. वर्षभरात वेगवेगळ्या गावांत शर्यती होतात, प्रत्येक शर्यतीत आलेल्या नंबराप्रमाणे गुण मिळतात आणि वर्षअखेर ज्याच्या गुणांची बेरीज जास्त, तो त्या साली विजेता. म्हणजे शाळेतल्या घटक चाचण्यांसारखंच! एका पेपरात पैकीच्या पैकी मिळवून भागत नाही, वर्षभर अभ्यास ठेवावा लागतो.

या मालिकेचं 2006 साल म्हणजे अटीतटीचा नमुनाच. चौदा शर्यती होत्या. तेरा झाल्या तेव्हा पहिल्या चौघांत एकवीस गुणांचं अंतर होतं. हेलियो कॅस्ट्रोनेव्हेस 441 वर, सॅम हॉर्निश 440 वर, मग डॅन व्हेल्डन आणि स्कॉट डिक्सन. शेवटची शर्यत सप्टेंबरमध्ये शिकागोजवळ झाली. पहिल्याला पन्नास गुण, दुसऱ्याला चाळीस, तिसऱ्याला पस्तीस, चौथ्याला बत्तीस, आणि सगळ्यात जास्त फेऱ्या पुढे राहील त्याला वर तीन. व्हेल्डन पहिला आला, वरचे तीन गुणही त्यानंच घेतले. डिक्सन दुसरा, हॉर्निश तिसरा, कॅस्ट्रोनेव्हेस चौथा. आता बेरीज करून बघा. व्हेल्डन 475. हॉर्निश 475. कॅस्ट्रोनेव्हेस 473! वर्षभर धावून दोघं अगदी सारखे, आणि तिसरा दोन गुणांनी मागे. मग कुणी किती शर्यती जिंकल्या ते मोजलं. हॉर्निशच्या चार, व्हेल्डनच्या दोन. विजेता हॉर्निश.

त्या चार शर्यतींतली एक इंडियानापोलिसची होती. चार किलोमीटरच्या ट्रॅकवर दोनशे फेऱ्या, म्हणजे आठशे किलोमीटर. धाराशिवहून मुंबईला जाऊन परत यावं इतकं अंतर, आणि ते तीन-सव्वातीन तासांत. त्या दिवशी एकोणीस वर्षांचा मार्को अँड्रेटी शेवटच्या फेरीतही पुढे होता, त्याच्या मागोमाग त्याचे वडीलही धावत होते. हॉर्निशनं अगदी शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याला गाठलं आणि सेकंदाच्या सहा शतांश भागानं शर्यत मारली. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

आता यात बाई कुठं आली? आली ना. त्याच 2006 च्या यादीत, त्याच पुरुषांच्या रांगेत, नवव्या नंबरावर एक बाई आहे. डॅनिका पॅट्रिक. ‘महिला गट’ म्हणून वेगळी यादी नाही, वेगळा ट्रॅक नाही, दोन फेऱ्यांची सूट नाही. आपल्या जिल्ह्याला मुलींच्या खेळाचं कौतुक नवं नाही. सारिका काळेनं धाराशिवच्या मैदानावर खो-खो खेळत भारताचं कर्णधारपद मिळवलं, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणलं आणि 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. पण खो-खोत मुलींचा संघ वेगळा, मुलांचा वेगळा. मोटारीच्या शर्यतीत तसं नाही. गाडीला कळतच नाही, स्टेअरिंगवर कुणाचे हात आहेत ते. गाडीला नाही कळत, पण माणसांना कळतं, आणि खरी गोष्ट तिथंच सुरू होते.

इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर 1971 पर्यंत बायकांना ‘पिट’मध्ये, म्हणजे जिथं शर्यत चालू असताना गाडीत इंधन भरतात, टायर बदलतात त्या जागेत, पाऊलही टाकू देत नव्हते. बायको असो की बातमीदार, कठड्याच्या बाहेर उभं राहायचं. 1977 मध्ये जॅनेट गथ्री या शर्यतीसाठी पात्र ठरली. ती पहिली बाई. आता या शर्यतीचा एक रिवाज आहे. सुरुवातीला मोठ्यानं पुकारा होतो, ‘सभ्य गृहस्थहो, आपापली इंजिनं सुरू करा!’ त्या वर्षी प्रश्न आला, गृहस्थहो कसं म्हणणार, एक बाई आहे ना रांगेत? तर संयोजकांचं उत्तर काय, की इंजिन चालक सुरू करतच नाही, मागे उभा असलेला मेकॅनिक करतो, आणि मेकॅनिक सगळे पुरुषच आहेत. सबब पुकारा बदलायचं कारण नाही. वा रे हुशारी! मग गथ्रीच्या संघानं काय करावं? तिच्या गाडीचं इंजिन सुरू करायला एका बाईलाच उभं केलं, के बिग्नोटी तिचं नाव. शेवटी पुकाऱ्यात शर्यतीला पात्र ठरलेल्या पहिल्या स्त्रीचा उल्लेख करावाच लागला.

पुढच्या वर्षी हीच गथ्री मनगटाचं हाड मोडलेलं असताना धावली. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर उतरू दिलं नसतं. ती नववी आली. दुखणं लपवून काम करण्यात आपला हात कुणी धरणार नाही, तेव्हा याचं आपल्याला फार नवल वाटू नये. वाईट वाटावं ते याचं, की तिला ते लपवावं लागलं.

डॅनिका पॅट्रिक आली तोवर 2005 साल उजाडलं होतं. पहिल्याच इंडियानापोलिस शर्यतीत पिटमध्ये तिची गाडी बंद पडली, नंतर एकदा गरकन फिरून पुढचा भाग तुटला. तरी दुरुस्त करून ती पुन्हा आली, एकूण एकोणीस फेऱ्या सगळ्यांच्या पुढे होती आणि चौथी आली. त्यावर तक्रार काय निघाली असेल? रॉबी गॉर्डन नावाचा चालक म्हणाला, की ती वजनानं हलकी आहे, त्यामुळे तिची गाडी जोरात पळते, हा अन्याय आहे! ती होती पंचेचाळीस किलोच्या आसपास. बाई मागे राहिली तर तिच्यात ताकद नाही, आणि पुढे गेली तर तिच्यात वजन नाही. पुढे 2008 पासून नियम बदलून चालकाचं वजनही हिशेबात धरायला लागले. माझ्या मते नियम योग्यच होता, सगळ्यांना सारखं माप असावं. गंमत अशी की, नियम बदलला त्याच वर्षी, 20 एप्रिल 2008 ला, जपानमधल्या मोतेगी इथं ती जिंकली. इंडीकारची शर्यत जिंकणारी पहिली बाई.

ती कशी जिंकली तेही सांगते, कारण ते आपल्या घरातलं आहे. शेवटच्या फेऱ्यांत इतर गाड्यांना इंधन भरायला थांबावं लागलं. तिनं आधीपासून बेतानं इंधन वापरलं होतं. पुढे असलेल्या कॅस्ट्रोनेव्हेसला टाकी पुरवण्यासाठी वेग कमी करावा लागला, आणि शेवटून तिसऱ्या फेरीत ही पुढे निघून गेली. सिलिंडर महिनाअखेरीपर्यंत कसा पुरवायचा, हे जिला कळतं तिला या विजयाची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. याच्या आदल्याच वर्षी, 2007 ला, स्कॉट डिक्सनच्या गाडीतलं इंधन वर्षातल्या शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत संपलं. तो पहिला होता, वर्षाचं विजेतेपद हातात आलेलं होतं. ते दारिओ फ्रँकिटी घेऊन गेला.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा खेळ जिवावरचा आहे. त्याच 2006 च्या पहिल्या शर्यतीच्या सकाळी सरावात पॉल डेना हा चालक गेला. आणि ज्याचे 475 गुण झाले होते तो डॅन व्हेल्डन 2011 मध्ये शर्यतीतच गेला. तेव्हा उद्या सगळ्यांनी लेकींना ट्रॅकवर सोडा, असं मी म्हणत नाही. कुणाची मुलगी हट्टच धरून बसली तर आईच्या पोटात गोळा येणारच, आणि तो यावाच.

पण मुली जातात. अमेरिकेतल्याच नाही, आपल्या पुण्यातलीही गेली. डायना पुंडोले. व्यवसायानं शिक्षिका, दोन मुलांची आई. 2018 मध्ये मुलींसाठीच्या एका निवड कार्यक्रमातून ती या खेळात आली आणि 2024 मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद तिनं मिळवलं. सलून म्हणजे उघड्या चाकांची नव्हे, आपल्या रस्त्यावरच्या मोटारीचाच शर्यतीचा अवतार. पुरुषांच्या बरोबरीनं धावून राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिनंही ते एका दिवसात मिळवलं नाही, हंगामभर गुण जमवत मिळवलं. सासर-माहेर, शाळा, मुलांचे डबे, परीक्षा सांभाळणाऱ्या बाईला सलग हंगाम मिळणं हीच मुळात मोठी गोष्ट. एक दिवस काढता येतो हो, वर्ष काढणं अवघड.

खो-खोला मैदान आणि दोन खांब पुरतात, म्हणून आपल्या गावातली मुलगी भारतापर्यंत पोचू शकते. मोटारीच्या शर्यतीला लाखांत पैसा लागतो, ट्रॅक लागतो, गाडी ठोकली तर तिचा खर्च उचलणारा कुणीतरी लागतो. आपल्या जिल्ह्यातून उद्या कुणी इंडीकारमध्ये जाईल, अशी स्वप्नं दाखवायला मला आवडत नाही. माझं म्हणणं त्याच्या फार अलीकडचं आहे. ते आपल्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीबद्दल आहे.

आज धाराशिवला काय किंवा उमरगा, परांड्याला काय, स्कूटीवर मुली सर्रास दिसतात. कॉलेजला, क्लासला, बँकेत, दवाखान्यात. कुणी मान वळवून बघत नाही. पण चारचाकी? घरात गाडी आली, पूजा झाली, लिंबू ठेवलं, पेढे वाटले, आणि किल्ली गेली ती भाऊजींच्या नाहीतर लेकाच्या खिशात. बाईची जागा डावीकडे, नाहीतर मागे पिशव्यांसोबत. स्कूटी चालते, कारण त्यावर ती एकटी असते आणि घरचीच कामं उरकत असते. चारचाकीत सगळं घर बसलेलं असतं. तिथं बाई स्टेअरिंगवर आणि नवरा शेजारी, हे चित्र लोकांना बघवत नाही. अडचण गिअर-क्लचची नाही हो. पुढच्या सीटवरच्या मानाची आहे.

आणि चुकीचा हिशोबही बघा. घरच्या पुरुषानं गाडी खांबाला घासली तर ‘खांबच मधे होता’. बाईनं घासली तर ‘तरी म्हटलं होतं’. पुढं सहा महिने ती गाडीला हात लावत नाही. मागे एका लग्नाला मी मंगल कार्यालयासमोर गाडी लावत होते, तर तीन अनोळखी माणसं हातवारे करून मला गाडी मागे घ्यायला शिकवू लागली. तिघांचे हात तीन दिशांना! माझ्यानंतर एक मुलगा तिथंच दोनदा चुकला, त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. डॅनिकाची गाडी पिटमध्ये बंद पडली, नंतर गरकन फिरली, ते सगळं नोंदलं गेलं. पण तिच्या चौथ्या नंबरासकट नोंदलं गेलं. म्हणून मला ती गुणांची कोरडी यादी आवडते. तिथं ‘बायकांचं ड्रायव्हिंग’ असा रकाना नाही.

मार्च 2023 पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट झालं. माहेर जवळ आलं, तुळजापूर जवळ आलं, चांगलंच झालं. त्याच वर्षी एसटीच्या स्टेअरिंगवर पहिल्या महिला चालक बसल्या, याची मात्र गावात फारशी चर्चा झाली नाही. अर्ध्या तिकिटाची गोष्ट बाईला सीटवर नेते, ही दुसरी गोष्ट तिला स्टेअरिंगवर नेते. मला विचाराल तर दोन्ही हव्यात, पण दुसरीसाठी कुणी घोषणा करत नाही, ती आपल्यालाच घरात मागावी लागते. रात्री दोनला सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं, नवरा परगावी, गाडी दारात, किल्ली खुंटीला, आणि घरातली धडधाकट बाई फोनवर रिक्षावाला शोधते आहे, हे कितीतरी घरांत घडू शकतं. तेव्हा मानापानाचा प्रश्न उरत नाही, मिनिटांचा उरतो.

अठरा पूर्ण झाली असतील तर शिकाऊ परवाना काढता येतो. तो सहा महिने चालतो, आणि मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा-वीस दिवस जा, नवऱ्याकडून शिकू नका, भांडणं होतात. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात, मग सकाळी लवकर गावाबाहेरच्या रस्त्याला. हात बसला की धाराशिव ते तुळजापूर वीस-बावीस किलोमीटरचा हायवे सरावाला बरा. फक्त पौर्णिमा आणि नवरात्राचे दिवस टाळा. तेव्हा तिथं चालत जाणाऱ्यांची इतकी गर्दी असते की मुरलेल्या ड्रायव्हरलाही घाम फुटतो.