निविदा सूचना आणि न आलेला निविदाकार

दिल्लीतील शाखेत बँक हमीचे काम पाहत असताना माझ्या टेबलावर निविदा सूचनांचा ढीग जमत असे. ओखला, नोएडा, फरीदाबाद येथील लघुउद्योजक बयाणा रकमेच्या हमीसाठी येत आणि सोबत सूचनेची प्रत आणीत. हमीचा मसुदा करताना आम्हांस त्यातून मुख्यतः दोन गोष्टी हव्या असत : रक्कम आणि मुदत. नवल असे, की मुदत पुष्कळदा सापडतच नसे. निविदा किती दिवस वैध राहणार हेच लिहिलेले नसेल, तर हमी किती दिवसांची द्यावी? तितके दिवस ग्राहकाची मुदत ठेव तारण म्हणून अडकून पडते, हे सूचना लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसावे.

निविदा सूचनेचा दर्जा कशावरून ठरवावा? सामान्यतः आपण किती निविदा आल्या आणि दर काय मिळाला एवढेच पाहतो. माझ्या मते ही कसोटी अपुरी आहे. जो सूचना वाचतो, पात्रतेच्या अटीपाशी थबकतो आणि कागद बाजूला ठेवतो, त्याच्या बाजूने ती तपासली पाहिजे. दरांच्या तुलनात्मक तक्त्यात त्याचे नाव कधीच येत नाही.

या अदृश्य माणसाची दखल सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली घेतली. दिल्लीत मुख्यालय असलेल्या तत्कालीन आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने जानेवारी 1977 मध्ये मुंबई विमानतळावरील एक द्वितीय श्रेणीचे उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार केंद्रे चालविण्यासाठी मोहोरबंद निविदा मागविल्या. अट अशी, की निविदाकार किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला ‘नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालक’ असावा. सहा निविदा आल्या. ज्याची स्वीकारली गेली, त्याने दरमहा 6,666.66 रुपये देऊ केले होते व खानपान व्यवसायाचा दहा वर्षांचा अनुभवही त्याच्यापाशी होता. मात्र सूचनेत म्हटलेला हॉटेलचालक तो नव्हता. पुढे त्या शब्दांचा अर्थ काय, यावरच वकिलांची झुंज झाली! शब्द नेमके असते, तर एवढी शाई खर्ची पडली नसती.

रमणा दयाराम शेट्टी यांनी याचिकेत सांगितले, की ही अट शिथिल होणार आहे हे ठाऊक असते, तर आपणही निविदा भरली असती. न्यायमूर्ती भगवती यांनी हे म्हणणे तत्त्वतः ग्राह्य मानले. शासकीय संस्थेने स्वतः जाहीर केलेली कसोटी तिच्यावरही बंधनकारक आहे. कारण न देता कोणतीही निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवल्याने हे बंधन सुटत नाही. तरीही कंत्राट रद्द झाले नाही. याचिकेस विलंब झाला होता आणि निविदाकाराचे तोवर सुमारे सव्वा लाख रुपये खर्च झाले होते. तत्त्व जिंकले, उपाहारगृह होते त्याच्याकडेच राहिले. म्हणूनच दोष सूचनेच्या मसुद्यातच दूर व्हावयास हवा. न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचेतो फार उशीर होतो.

केंद्र शासनाच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत याची पुष्कळशी तजवीज आहे. जाहीर निविदेस साधारणतः किमान तीन आठवड्यांचा अवधी, अनावश्यक वैशिष्ट्यांवाचून लिहिलेला तपशील, निविदेच्या वैधतेनंतर सामान्यतः 45 दिवस टिकणारी बयाण्याची हमी, सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाण्यातून सूट. परंतु नियम मसुदा लिहून देत नाही. जुनी सूचना समोर ठेवून तारखा तेवढ्या बदलण्याची सवय नियमांनी जात नाही.

फरीदाबादचे एक ग्राहक मला अजून आठवतात. पंपांचे सुटे भाग बनवीत. एका कार्यालयाच्या सूचनेत एका विशिष्ट बनावटीचे नाव लिहून पुढे ‘किंवा समतुल्य’ असे शब्द होते. समतुल्य कोण ठरविणार, कोणत्या चाचणीने, याचा पत्ता नव्हता. त्यांनी लेखी विचारणा केली. उत्तर आले नाही. अखेरच्या दिवशी ते शाखेत आले आणि म्हणाले, “साहेब, हमी राहू द्या. माझी ठेव मोकळी करा.” मी कागद परत केले. त्या कार्यालयाला आपण काय गमावले हे कधीच कळले नसेल.

2016 पासून शासकीय ई-बाजारपेठ, म्हणजे जेम, सुरू झाल्यावर वस्तूंचे तपशील बरेचसे ठरीव झाले, ही मोठीच सोय आहे. मात्र तेथेही ‘खरेदीदाराच्या अतिरिक्त अटी’ या शीर्षकाखाली कार्यालये आपल्या मनाच्या अटी जोडू शकतात. लघुउद्योजक ग्राहकांना माझे सांगणे असते, की पहिल्या पानावरील रक्कम पाहण्यापूर्वी ते पान वाचा, आणि शंका असेल तर मुदतीच्या आत लेखी विचारा.