मुखत्यारपत्र कुठे थांबते

पेढीवरचे वडीलधारे थकले की मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देण्याचा प्रघात व्यापारी कुटुंबांत जुना आहे. दस्त झाला, कागद तिजोरीत गेला, की घर निर्धास्त होते. ही निर्धास्ती अपुरी आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 201 नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूने जसा मुखत्याराचा अधिकार संपतो, तसाच तो त्याचे मन विकल झाल्यानेही संपतो. अंथरुणाला खिळलेला, पण समज शाबूत असलेला माणूस मुखत्यारामार्फत व्यवहार करू शकतो. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्याचे तसे नाही. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. इंग्लंडमध्ये 2005 च्या कायद्याने अशा अवस्थेतही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे तशी सर्वसाधारण तरतूद नाही.

मृत्युपत्र आणि नामनिर्देशन तर मृत्यूनंतरचे. मधल्या काळात, विशेषतः रुग्ण बेशुद्धावस्थेत असल्यास, कुटुंबाला पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. आणि तोवर नोकरांचे पगार व मालाची देणी थांबत नाहीत. म्हणून समज शाबूत असतानाच भागीदारीच्या करारात हे लिहून ठेवणे शहाणपणाचे, की एखादा भागीदार असमर्थ झाल्यास सही कोणाची चालेल आणि त्याच्या हिश्श्याचे काय होईल. घरखर्चाचे खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचे असले तर सहसा अडचण येत नाही. मालमत्ता मोठी असल्यास खासगी विश्वस्त निधीचा विचार वकिलासह करावा.

उपचारांचा प्रश्न वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. असाध्य अवस्थेत कृत्रिम उपचार कुठवर चालू ठेवावेत आणि निर्णय कोणी सांगावा, हे त्यात लिहिता येते. याला सल्लेखना किंवा संथारा समजू नये. ते व्रत स्वतःच्या जागृत जाणिवेने घ्यावयाचे असते. या पत्रात केवळ उपचारांविषयीची इच्छा असते.

नाव कोणाचे घालावे, येथे घरे अडतात. दुकान सांभाळणारा थोरला मुलगाच रुग्णशय्येजवळचा निर्णयही घेईल, असे गृहीत धरले जाते. हिशेबाची सही त्याच्याकडे असावी. पण उपचारांसाठी सासरी गेलेली मुलगी किंवा रोज शुश्रूषा करणारी सून अधिक योग्य असू शकते. पत्रात एकाहून अधिक नावे देता येतात. पत्राची प्रत त्या सर्वांकडे, घरच्या डॉक्टरांकडे आणि महापालिका वा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावयाची असते.