औषधाची नाडी परक्या हाती

कर्करोगाचा रुग्ण चंद्रपूरचा असो, चिपळूणचा असो की थेट बिहारमधला, त्याला मुंबईतले परळ ठाऊक असते. टाटा, केईएम, दोन्ही वाडिया रुग्णालये आणि हाफकिन संस्था एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. इथे रोज वाटल्या जाणाऱ्या औषधांच्या वेष्टनावर भारतीय कंपनीचे नाव असते, पत्ता बद्दीचा, सिक्कीमचा किंवा गुजरातचा असतो. त्यावरून औषध आपलेच आहे, अशी रुग्णाची समजूत होते. गोळीतला जो घटक प्रत्यक्ष रोगावर काम करतो, तो कुठे तयार झाला याची मात्र त्याला कल्पना नसते. भारत बाहेरून जी कच्ची औषधे आणि त्यांची पूर्वद्रव्ये आणतो, त्यांतली सुमारे ७० टक्के एकट्या चीनमधून येतात. हा आकडा वर्षानुवर्षे संसदेत सांगितला जातो, ऐकला जातो आणि विसरला जातो.

चीनशी व्यापाराचा विषय निघाला की आपली चर्चा दिव्यांच्या माळा आणि गणपतीच्या सजावटीपाशी अडकते. २०२० च्या जूनमध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत २० जवान शहीद झाले, त्यानंतर ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली, बहिष्काराच्या घोषणा झाल्या. पण २०२४-२५ मध्ये चीनमधून झालेली आयात ११३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आणि आपली निर्यात १४ अब्जांच्या आसपासच राहिली. माळ नाही मिळाली तर आरास साधी होईल, एवढेच. प्रतिजैविक नाही मिळाले तर माणूस दगावतो. बहिष्काराच्या उत्साहात हा फरक कुणी सांगितला नाही, ही खरी चिंतेची बाब आहे.

ही वेळ आपल्यावर कुणी लादलेली नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचे साहाय्य तिला होते आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. नव्या स्वतंत्र देशाने आपल्या लेकरांसाठी उभारलेला तो कारखाना होता. पेनिसिलीन बुरशीपासून मोठाल्या टाक्यांत किण्वनाने तयार होते. त्याला अखंड वीज लागते, वाफ लागते, सांडपाण्याची व्यवस्था लागते आणि प्रचंड प्रमाणावर उत्पादन केले तरच ते परवडते. चीनने हे सारे सरकारी पाठबळाने उभे केले. १९९० नंतर आयात खुली होत गेली, स्वस्त चिनी माल आला आणि आपल्या टाक्या एकेक करून थंड पडल्या. अमॉक्सिसिलिनसारखी घराघरांत माहीत असलेली औषधे ज्या पेनिसिलीन-जीपासून बनतात, ते बनवणे या देशाने जवळजवळ सोडूनच दिले. त्या वेळी स्वस्ताईचे सर्वांनी स्वागत केले. कारखाना बंद पडतो तेव्हा त्याच्याबरोबर तो चालवणारे हातही विखुरतात, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

या परावलंबनाचा इशारा मिळालाच नाही, असेही नाही. करोनाने चिनी कारखाने थबकले तेव्हा ३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारला पॅरासिटामॉलसह २६ कच्च्या औषधांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या तयार औषधांच्या निर्यातीवर घाईने निर्बंध घालावे लागले. जगाची औषधशाळा म्हणवणारा देश तापाची गोळी राखून ठेवत होता. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांची निर्यात परवान्याखाली आणली. त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांअभावी पुण्याच्या बजाज ऑटोला इलेक्ट्रिक दुचाकींचे उत्पादन घटवावे लागले, ही बातमी सर्वांनी वाचली. त्याच यादीत गॅडोलिनियम होते. एमआरआय तपासणीत शिरेतून जे द्रव्य देतात, ते या मूलद्रव्यापासून बनते. स्कूटर सहा महिने उशिरा मिळाली तर चालेल, पण परळच्या रुग्णाची तपासणी थांबू शकत नाही.

एका परक्या बाजारावर विसंबण्याची किंमत परळच्या या वस्तीने पूर्वीही मोजली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या गिरणगावात निघणारे जाडेभरडे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जात असे आणि त्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर चात्या वाढत होत्या. १८९३ मध्ये सरकारने चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. रुपया वधारला आणि चांदीत व्यवहार करणाऱ्या चिनी व्यापाऱ्याला मुंबईचे सूत महाग पडू लागले. १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने परकीयांना चीनमध्येच गिरण्या काढण्याची मुभा दिली, जपानी सूत पुढे सरसावले. १८९६ मध्ये प्लेग आला आणि कामगार कोकणात, घाटावर पळाले. पुढच्या तीनेक दशकांत तो बाजार जवळजवळ हातचा गेला. पण त्याच प्लेगवर १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. रोग मुंबईत पसरला आणि त्यावरची लसही मुंबईतच बनली. आज तशी वेळ आली तर आपण काय बनवू शकू?

चीनशी व्यवहारच नको, अशी मागणी आम्ही करणार नाही. ती अव्यवहार्य आहे. पण सरकारचे धोरण घटना घडल्यावर जागे होणारे नको. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्राने तळेगावच्या मोटार कारखान्यासह तीन चिनी कंपन्यांशी पाच हजार कोटींहून अधिक रकमेचे सामंजस्य करार केले. त्याच रात्री गलवान घडले आणि आठवड्याभरात ते करार थांबवावे लागले. औषधांच्या बाबतीत असा उशीर परवडणारा नाही. केंद्राने २०२० मध्ये कच्च्या औषधांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली, तिच्यातून काकिनाड्याला पेनिसिलीन-जीचा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. हे पाऊल योग्यच आहे. मात्र चीनने भाव पाडले आणि आपण पुन्हा सर्वात स्वस्त निविदेमागे धावलो, तर या कारखान्याचीही पिंपरी होईल.

म्हणून खरेदीदाराने जागे व्हायला हवे, आणि या राज्यात सर्वात मोठा खरेदीदार सरकारच आहे. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिडने कर्करोगाची औषधे एकत्र खरेदी करून किमती खाली आणल्या. मोठा ग्राहक अटी घालू शकतो, हे परळनेच सिद्ध केले आहे. आता तीच ताकद मालाच्या उगमासाठी वापरावी. राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने आणि मुंबई महापालिकेने पुढच्याच दर करारापासून प्रत्येक औषधाचा कच्चा माल कुठल्या देशातून येतो हे पुरवठादाराकडून लिहून घ्यावे, जीवरक्षक औषधांच्या खरेदीचा ठरावीक हिस्सा देशी कच्च्या मालासाठी राखावा आणि त्यासाठी दोन पैसे जास्त मोजावेत. सहा महिने पुरेल एवढा प्रतिजैविकांचा साठा करावा आणि हाफकिन व पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या दोन सार्वजनिक संस्थांना त्या कामात मानाने सामील करून घ्यावे. पुढची टंचाई सुरू होण्याआधी हे झाले पाहिजे.