रुग्णालयांनाच चढलेला ताप

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात दहा बाळे गेली. २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला, ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा. तिन्ही आगी एकाच वर्षातल्या, एकाच राज्यातल्या आणि तिन्ही अशा विभागांतल्या, जिथे यंत्रे आणि एसी रात्रंदिवस चालतात. त्यानंतर फायर ऑडिटचे आदेश निघाले. पण भिंतीआडच्या तारांवर किती भार आहे, तो का वाढला आणि कमी करता येईल का, हे तितक्या निकडीने कोणी विचारले नाही. रुग्णालयातली वाया जाणारी वीज आम्हाला केवळ बिलाचा विषय वाटत नाही, तो जिवाचा विषय वाटतो.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह तीस टक्क्यांनी कमी केला की ती उष्णता जवळपास निम्मी होते. म्हणजे वीज वाचवणे आणि आग टाळणे ही दोन खाती नाहीत.

पुण्याचे ससून १८६७ चे, मुंबईचे केईएम १९२६ चे. त्या काळच्या इमारतींना जाड भिंती, उंच छत, भोवती व्हरांडे आणि समोरासमोर खिडक्या असत. वारा हेच त्यांचे पहिले यंत्र होते. पुढे अशा किती इमारतींचे व्हरांडे सरकत्या काचांनी बंद झाले आणि पंखे-दिव्यांसाठी ओढलेल्या तारांवर एकामागून एक एसी चढले! नव्या इमारतींत तर पश्चिमेला काचेची भिंत उभारायची आणि दुपारभर तिच्याशी एसीने झुंजत राहायचे, ही रीतच पडली आहे. आत अठरा अंशांवर रुग्ण कुडकुडतो आणि नातेवाईक घरून चादर आणतो. एसीचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. नव्या स्टारवाल्या घरगुती एसींना २०२० पासून २४ अंशांची मूळ सेटिंग सक्तीची झाली. वॉर्डातल्या रिमोटची जबाबदारी मात्र कोणावरच नाही.

शस्त्रक्रियागृहाचे गणित वेगळे, आणि इथे जपूनच बोलले पाहिजे. तिथली हवा तासाला किमान वीस वेळा बदलावी लागते. जंतुसंसर्ग रोखण्यासाठी हे हवेच आणि त्यात कोणतीही काटकसर आम्हाला मान्य नाही. पण रात्री टेबल रिकामे असतानाही ही हवा ढकलणारे पंखे पूर्ण वेगाने का फिरतात? वेग वीस टक्क्यांनी उतरवला की पंख्याची वीज जवळपास निम्मी होते. साडेसात किलोवॉटचा एक पंखा बारा तास असा चालवला तर चाळीसहून अधिक युनिट वाचतात. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका रात्रीत, एका शस्त्रक्रियागृहातून, तीस किलो. खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवून आणि संसर्ग नियंत्रण समितीच्या संमतीने हे करता येते. त्यासाठी मोटारीला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह लागतो, नवी इमारत नव्हे.

ही वीज येते कुठून? चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या कोळशातून. तिथल्या गावांतली दम्याची माणसे पुन्हा सरकारी रुग्णालयाच्याच ओपीडीत रांग लावतात. आरोग्यसेवा हा एक देश मानला तर कार्बन उत्सर्जनात त्याचा क्रमांक जगात पाचवा लागेल, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला; जगाच्या एकूण उत्सर्जनातला तो वाटा ४.४ टक्के. त्यात भुलीचे वायूही आले. डेसफ्लुरेन हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पटींहून अधिक तापवतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये आपल्या सरकारी आरोग्यसेवेतून तो काढून टाकला. सेवोफ्लुरेन त्याच्यापेक्षा सुमारे वीसपट सौम्य आहे आणि आपल्या भूलतज्ज्ञांच्या रोजच्या हाताळणीतलेच आहे.

मग अडते कुठे? सरकारी रुग्णालयात यंत्र एक खाते घेते, वायरिंग सार्वजनिक बांधकामचा विद्युत विभाग पाहतो आणि बिल रुग्णालय भरते. यंत्राची निविदा सर्वांत कमी किमतीला जाते; ते पुढची दहा-पंधरा वर्षे किती वीज पिणार, हा रकाना निविदेत ठळक नसतो. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, मोठ्या इमारतींसाठीची संहिता २००७ ची, कायद्यातली दुरुस्ती २०२२ ची. शंभर किलोवॉटपुढच्या वीजभाराच्या इमारती त्यांच्या कक्षेत येतात, पण संहितेचा रोख नव्या बांधकामावर आहे. जुन्या रुग्णालयांना, म्हणजे धोका जिथे सर्वाधिक तिथे, ती पोचतच नाही.

आमची मागणी राज्य सरकारकडे आहे. शंभर किलोवॉटवरील प्रत्येक रुग्णालयाची वीजभार तपासणी आणि ऊर्जा तपासणी एकत्र व्हावी, तिचा अहवाल दर्शनी भागात लावावा आणि तो येईपर्यंत त्या इमारतीत नवा एसी बसवू नये. वाचलेल्या बिलाची रक्कम तिजोरीत न जाता त्याच रुग्णालयाच्या तारा बदलायला मिळावी. मॉल आणि कार्यालयांच्या टोलेजंग इमारतींनाही हाच नियम हवा, पण सुरुवात जिथे माणूस स्वतःहून उठून पळू शकत नाही तिथून.

एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो. उष्माघाताचे रुग्ण येतात, एसी एका क्षणाचीही उसंत घेत नाहीत आणि तारा सर्वाधिक तापतात त्या याच दिवसांत. तारेभोवती क्लॅम्प मीटर धरून प्रवाह मोजायला फारसा खर्च येत नाही. नवजात शिशू कक्षांपासून हे काम याच आठवड्यात सुरू झाले पाहिजे.